चार्टर शाळेत प्रिन्सिपल आणि शिक्षक टिकत नाहीत: अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी सहावी ते आठवी एका चार्टर शाळेत होती. त्या तीन वर्षांत तिने तीन प्रिन्सिपल पाहिले आणि गणिताला पाच शिक्षक. तेव्हा मी इकडेतिकडे विचारत फिरले. आता गणपतीत, हळदीकुंकवाला, फोनवर तेच प्रश्न मला विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. शाळांचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून जिथे एखाद्या राज्याचं नाव घेतलं आहे तिथे ती माहिती त्याच राज्यापुरती समजा.

१. चार्टर शाळा सरकारी की खाजगी? आम्हाला अजून नीट कळलेलं नाही.

सरकारी. फी नसते, पैसा सरकारचा असतो, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी निघते. पण शाळा चालवतं एक स्वतंत्र बोर्ड, राज्याने किंवा डिस्ट्रिक्टने (म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेने) दिलेल्या करारावर. त्या कराराला चार्टर म्हणतात. असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये तिथल्याच सेंट पॉल शहरात उघडली. २०२१ च्या शरद ऋतूत देशभरात सुमारे ३७ लाख मुलं चार्टर शाळांत होती.

आपल्याकडची जवळची तुलना करायची तर खाजगी अनुदानित शाळा आठवा: पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. मात्र एक मोठा फरक आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळेतल्या शिक्षकाच्या नोकरीला १९७७ च्या कायद्याचं संरक्षण आहे. ज्या बाईंनी वडिलांना शिकवलं त्यांनीच मुलालाही शिकवलं, असं आपल्याकडे घडत आलं. आपण तीच अपेक्षा घेऊन इथे येतो आणि पहिल्याच वर्षी धक्का बसतो. का, ते प्रश्न ३ मध्ये.

२. दरवर्षी इतके शिक्षक जातात, हे आमच्याच शाळेत की सगळीकडे असंच?

थोडी गळती सगळीकडे असते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय पाहणीत सरकारी शाळांतले ८४ टक्के शिक्षक त्याच शाळेत राहिले, ८ टक्के दुसऱ्या शाळेत गेले आणि ८ टक्क्यांनी शिकवणंच सोडलं. चार्टर शाळांत हे प्रमाण आधीपासून जास्त आहे. २००३-०४ च्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात चार्टर शाळांतले २५ टक्के शिक्षक वर्षभरात गेलेले दिसले, तर नेहमीच्या सरकारी शाळांत १४ टक्के. पुढे ही दरी कमी झाली.

आता तुमच्या शाळेचा हिशोब करा. ४० शिक्षकांच्या शाळेत सहा-सात जण गेले तर ते देशाच्या सरासरीइतकं झालं. बारा-पंधरा गेले, तेही लागोपाठ दोन वर्षं, तर प्रश्न विचारायलाच हवेत. इयरबुक (शाळेचं फोटोंचं वार्षिक पुस्तक) आणि शाळेच्या वेबसाइटवरची स्टाफची यादी दर ऑगस्टमध्ये जपून ठेवा. दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की 'यंदा फार बदल नाहीत' हे वाक्य खरं की खोटं ते कळतं.

३. पण जातात का? मुलं त्रास देतात म्हणून?

फक्त मुलं हे कारण क्वचितच असतं. चार्टर शाळांना इमारतीचं भाडं किंवा कर्ज बऱ्याचदा चालू खर्चातूनच भागवावं लागतं, त्यामुळे पगाराला पैसा कमी उरतो. शेजारचं डिस्ट्रिक्ट चार-पाच हजार डॉलर जास्त देऊ लागलं की उन्हाळ्यात शिक्षक तिकडे जातो. चार्टर शाळांत तरुण, नुकतेच शिकवू लागलेले शिक्षक जास्त असतात, आणि पहिल्या काही वर्षांत शिक्षकी सोडणारे सगळीकडेच जास्त. बहुतेक चार्टर शाळांत युनियन नसते. अशा ठिकाणी सहसा शिक्षक केव्हाही नोकरी सोडू शकतो आणि बोर्ड त्याला केव्हाही काढू शकतं.

आणखी एक कारण पालकांना बाहेरून दिसत नाही: कामाची व्याप्ती. छोट्या शाळेत विज्ञानाचा शिक्षकच रोबोटिक्स बघतो, शाळा सुटताना मुलांना गाड्यांत बसवायला कार लाइनमध्ये उभा राहतो, कोणी रजेवर असेल तर स्वतःच्या मोकळ्या तासाला त्याचा वर्ग सांभाळतो. एक जण गेला की त्याचं ओझं उरलेल्यांवर पडतं आणि मग दुसराही जातो. ही साखळी तुटते ती प्रिन्सिपलमुळे, किंवा त्यांच्यामुळेच आणखी लांबते.

४. एक प्रिन्सिपल गेले तर एवढं काय बिघडतं? शिक्षक तर तेच आहेत ना?

पहिले काही महिने तसंच वाटतं. २०२०-२१ मधल्या सरकारी शाळांच्या प्रिन्सिपलपैकी सुमारे ८० टक्के पुढच्या वर्षी त्याच शाळेत होते, म्हणजे पाचातला एक बदलला. एकदा बदल झाला तर शाळा तो पचवते. दर वर्षी झाला तर नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. प्रिन्सिपल मार्चमध्ये गेले. पुढच्या वर्षाच्या शिक्षकांच्या मुलाखती बहुतेक ठिकाणी मार्च ते मे या काळात होतात, आणि नेमकी तेव्हाच सही करायला खुर्चीत कोणी नव्हतं. हंगामी प्रिन्सिपल म्हणाले, नवीन माणूस येऊन ठरवेल. नवीन माणूस जुलैत आला. तोवर चांगले उमेदवार दुसरीकडे लागले होते. ऑगस्टमध्ये गणिताचा वर्ग बदली शिक्षकाकडे गेला. ऑक्टोबरमध्ये नवीन प्रिन्सिपलनी शिस्तीचे नियम बदलले, डिसेंबरमध्ये दोन जुन्या बाईंनी राजीनामे दिले, आणि मे महिन्यात ते प्रिन्सिपलही गेले. मुलीने जेवताना विचारलं, "आई, पुढच्या वर्षी माझं नाव माहीत असलेलं कोणी असेल का शाळेत?" तोपर्यंत मी सगळं सहन करत होते. त्या रात्री पहिल्यांदा बोर्डाला पत्र लिहिलं.

म्हणून प्रिन्सिपल जाणार असं कळलं की पहिला प्रश्न हा विचारा: पुढच्या वर्षाच्या नेमणुकांवर सही कोण करणार आणि केव्हा?

५. मुलांच्या अभ्यासावर खरंच परिणाम होतो, की आपण उगाच घाबरतो?

होतो. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांच्या आठ वर्षांच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इयत्तेत शिक्षकांची गळती जास्त होती तिथे इंग्रजी आणि गणित दोन्हींत गुण घसरलेले दिसले. ज्या मुलांचे शिक्षक टिकून राहिले होते त्यांचंही नुकसान झालं होतं, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. म्हणजे 'माझ्या मुलाच्या बाई आहेत की' म्हणून गप्प बसण्यात अर्थ नाही.

घरी काय करायचं: शिक्षक बदलताच राज्याच्या अभ्यासक्रमाची त्या इयत्तेची यादी काढा आणि मुलाबरोबर बसून काय शिकवून झालं, काय राहिलं त्यावर खुणा करा. गणितात हे लगेच करा, कारण तिथे सुटलेला एक धडा पुढच्या वर्षी आडवा येतो. आणि मुलासमोर शाळेला शिव्या देऊ नका. गेलेल्या शिक्षकाला निरोपाचं पत्र लिहू द्या. लहान मुलांना वाटतं की बाई आपल्यामुळे गेल्या.

६. तक्रार कोणाकडे करायची? डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटना (प्रमुख अधिकाऱ्यांना) लिहिलं, तर ते म्हणाले आमचा संबंध नाही.

बरोबर आहे त्यांचं, आणि या चुकीत बहुतेकांचे दोन-तीन महिने जातात. क्रम असा: आधी प्रिन्सिपल, मग शाळेचं बोर्ड, मग चार्टर देणारी संस्था. टेक्सासमध्ये चार्टर सहसा राज्याचे शिक्षण आयुक्त देतात, त्यामुळे टेक्सास एज्युकेशन एजन्सी. न्यू जर्सीतही राज्याचे शिक्षण आयुक्त. नॉर्थ कॅरोलायनात २०२३ पासून चार्टर स्कूल्स रिव्ह्यू बोर्ड. अॅरिझोनात स्टेट बोर्ड फॉर चार्टर स्कूल्स. कॅलिफोर्नियात मात्र बहुतेक वेळा स्थानिक डिस्ट्रिक्टच चार्टर देतं, तेव्हा तिथे सुपरिंटेंडेंटकडे जाणं चूक नाही.

चार्टर देणारी संस्था 'आम्हाला ते प्रिन्सिपल आवडत नव्हते' यात पडत नाही. करारात लिहिलेलं मोडलं असेल, वर्गाला महिनोन्महिने शिक्षक नसेल, विशेष शिक्षणाच्या (अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीच्या) सेवा बंद असतील, पैशाचा घोळ असेल, तर ती ऐकते. तारखांसह लिहा.

आणखी एक पाहा: तुमची शाळा एखादी व्यवस्थापन कंपनी चालवते का? तसं असेल तर प्रिन्सिपलची नेमणूक आणि बदली कंपनीकडून होत असते, कधी कधी शिक्षकही कंपनीच्याच पगारावर असतात. अशा ठिकाणी बोर्ड 'आमच्या हातात नाही' म्हणतं. ते पुरेसं उत्तर नाही. कंपनीशी करार बोर्डाने केलेला असतो आणि तो चालू ठेवायचा की नाही हेही बोर्डच ठरवतं. तो करार मागून घ्या (प्रश्न ८).

७. बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायचं कसं? मागच्या वेळी वीस पालक गेलो, सगळे चिडून बोलले, काहीच झालं नाही.

बोर्डाच्या मीटिंगा खुल्या असतात आणि अजेंडा आधी जाहीर करावा लागतो. कॅलिफोर्नियात नियमित मीटिंगच्या ७२ तास आधी, न्यू जर्सीत ४८ तास आधी सूचना द्यावी लागते. पालकांना दोन-तीन मिनिटं मिळतात. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्ड सहसा तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकत नाही, आणि एखाद्या कर्मचाऱ्याबद्दलची चर्चा सहसा बंद दाराआड होते. म्हणून 'अमुक बाईंना का काढलं' असं विचारलंत तर उत्तर मिळणारच नाही. कायदाच तसा आहे.

नावाऐवजी आकडा विचारा. वीस जणांनी तेच दुःख सांगण्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे प्रश्न वाचून दाखवणं जास्त उपयोगी पडतं. गेल्या तीन वर्षांत दर वर्षी किती शिक्षक गेले? त्यातले किती वर्षाच्या मध्ये गेले? जाणाऱ्यांशी बोलून कारणं कोणी नोंदवतं का, आणि ती बोर्डासमोर येतात का? आज कोणत्या वर्गांना कायम शिक्षक नाही? पगाराची तुलना शेजारच्या डिस्ट्रिक्टशी शेवटची केव्हा केली? शेवटी एकच मागणी करा: शिक्षक टिकण्याचा अहवाल पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या. लिहून आणलेला कागद सेक्रेटरीकडे द्या आणि पुढच्या महिन्यात इतिवृत्तात त्याची नोंद आली का ते तपासा. आमच्याकडे तिसऱ्या मीटिंगला हा विषय अजेंड्यावर आला. त्याआधीच्या दोन मीटिंगांत आम्हीही नुसते चिडलो होतो.

८. कोणते कागद आम्हाला मागता येतात?

बोर्डाचे इतिवृत्त, बजेट, चार्टरचा करार, व्यवस्थापन कंपनीशी झालेला करार, पगाराची श्रेणी, रिकाम्या जागांची संख्या. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने चार्टर शाळांना खुल्या मीटिंगांचा आणि सार्वजनिक कागदपत्रांचा नियम स्पष्टपणे लागू झाला. तिथे कागद देणार की नाही हे साधारण १० दिवसांत कळवावं लागतं. न्यू जर्सीत ७ कामकाजाचे दिवस. अर्ज ईमेलने करा आणि नेमका कागद मागा. 'सगळी माहिती द्या' असं लिहिलंत तर काहीच येत नाही.

शाळा ना-नफा संस्था चालवत असेल तर तिचा वार्षिक कर-अहवाल, फॉर्म ९९०, सहसा इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे आकडे असतात. शिक्षकांसाठी पैसे नाहीत असं सांगितलं जात असेल तर तो आधी वाचा.

९. नवीन शिक्षकाकडे शिकवण्याचं लायसन्स (राज्याचं प्रमाणपत्र) आहे का हे विचारणं उद्धटपणाचं नाही ना?

अजिबात नाही. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. नॉर्थ कॅरोलायनात चार्टर शाळेतल्या निदान ५० टक्के शिक्षकांकडे लायसन्स लागतं. अॅरिझोनात चार्टर शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्र बंधनकारक नाही. टेक्सासमध्ये बहुतेक विषयांना पदवी पुरते, पण तिथल्या कायद्यानुसार शाळेने प्रत्येक शिक्षकाची पात्रता पालकांना लेखी कळवायची असते. हे पत्र आलं नसेल तर मागा. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने नियम कडक झाले, आणि तेव्हा नोकरीत असलेल्यांना योग्य प्रमाणपत्र मिळवायला १ जुलै २०२५ पर्यंत मुदत होती.

शाळेला टायटल वनचा (गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा) केंद्रीय निधी मिळत असेल तर शिक्षकाची पात्रता विचारण्याचा हक्क कुठल्याही राज्यात आहे. राज्याच्या नियमात न बसणाऱ्या शिक्षकाने तुमच्या मुलाला सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवलं तर शाळेने स्वतःहून कळवलं पाहिजे.

१०. आम्ही एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहोत. तक्रार केली तर ग्रीन कार्डला अडचण येईल का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेकदा हळू आवाजात. शाळेच्या मीटिंगमध्ये बोलणं, पत्र लिहिणं, कागद मागणं याचा व्हिसाशी काही संबंध नाही. सरकारी शाळेत शिकण्याचा मुलाचा हक्क आईवडिलांच्या कागदपत्रांवर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवलं आहे. आपण 'पाहुणे' म्हणून गप्प बसतो, पण शाळेचा पैसा आपल्याही करातून जातो.

११. मुलाच्या गणिताच्या बाई भारतातून जे-१ व्हिसावर (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या तात्पुरत्या व्हिसावर) आल्या आहेत. त्या तरी टिकतील ना?

मनापासून शिकवतील, पण त्यांच्या राहण्याला मुदत आहे. शिक्षकांचा जे-१ तीन वर्षांचा असतो आणि वाढवून जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो. काही शाळा रिकाम्या जागा अशाच भरतात आणि दर काही वर्षांनी तीच जागा पुन्हा रिकामी होते. दोष बाईंचा नाही. बोर्डाला विचारा की त्यांच्यानंतर कोण, आणि ते ठरवायला सुरुवात केव्हा करणार. आणि नव्या देशात एकट्या आलेल्या त्या बाईंना एकदा घरी जेवायला बोलवा.

१२. मुलीचा आयईपी (विशेष शिक्षणाचा तिच्यापुरता लेखी आराखडा) आहे. स्पेशल एज्युकेशनच्या बाई गेल्या आणि दोन महिने सेवाच बंद आहे. 'माणूस मिळत नाही' म्हणतात.

इथे थांबू नका. आयईपीमधल्या सेवा देणं कायद्याने बंधनकारक आहे, चार्टर शाळेलाही. माणूस मिळत नाही हे कारण चालत नाही. किती मिनिटं ठरली होती आणि किती मिळाली याची तारीखवार नोंद ठेवा, आयईपी मीटिंग लेखी मागा आणि बुडालेल्या तासांची भरपाई मागा. तरी हललं नाही तर राज्याच्या शिक्षण खात्याकडे तक्रार करा. घटनेपासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते आणि राज्याला साधारण ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात काही चार्टर शाळा विशेष शिक्षणापुरत्या डिस्ट्रिक्टचा भाग असतात, म्हणून आपली शाळा कोणत्या प्रकारात बसते ते आधी विचारा.

१३. वर्षाच्या मध्येच मुलाला काढू का?

तुमच्या पत्त्याची डिस्ट्रिक्टची शाळा त्याला केव्हाही घेईल, पण चार्टरची जागा गेली की परत लॉटरी. पाचवीपर्यंत मध्येच बदललं तरी मुलं रुळतात. हायस्कूलमध्ये सेमिस्टर संपेपर्यंत थांबा, नाहीतर क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे, पदवीसाठी लागणारे गुणांक) अडकतात. नव्या शाळेत तोच विषय त्याच पातळीला आहे का हे काउन्सेलरकडून लेखी घ्या. आयईपी असेल तर राज्यातल्या राज्यात तो बरोबर येतो, नव्या शाळेला तोडीस तोड सेवा द्याव्या लागतात.

१४. नवीन प्रिन्सिपल चांगल्या वाटतात, पण त्यांनी आल्या आल्या आठ शिक्षक काढले. विश्वास ठेवावा का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. कधी कधी जाणारे जायलाच हवे असतात. मी एवढंच पाहते: काढलेल्यांच्या जागी कोण आलं, ते वर्षाच्या पहिल्या दिवशी वर्गात होते का, आणि दुसऱ्या वर्षी आणखी किती गेले. दुसऱ्या वर्षी गळती निम्म्यावर आली तर त्यांना वेळ द्या. पुन्हा आठ गेले तर प्रश्न ७ कडे वळा.

१५. आम्ही वेटलिस्टवर आहोत. प्रवेश घेण्याआधी हे सगळं ओळखायचं कसं?

टूरवर भिंतीवरचे गुणांचे तक्ते पाहू नका. समोर येणाऱ्या शिक्षकाला विचारा, "तुम्ही इथे किती वर्षं आहात?" पाच जणांना विचारा. गेल्या पाच वर्षांत किती प्रिन्सिपल झाले ते विचारा. बोर्डाचे शेवटच्या सहा महिन्यांचे इतिवृत्त वाचा, राजीनामे बहुतेकदा तिथे असतात. आणि नोकरीच्या जाहिराती पाहा: नोव्हेंबरमध्ये तिसरीच्या वर्गशिक्षकाची जागा निघालेली असेल तर तो वर्ग आत्ता कोणाकडे आहे ते फोन करून विचारा.

१६. इतकी पडझड झाल्यावर शाळा बंद होऊ शकते का?

होऊ शकते, पण शिक्षक गेले म्हणून सहसा नाही. पट घटतो, पैसा घटतो, निकाल पडतात, मग होते. टेक्सासमध्ये राज्याकडून शाळेला सलग तीन वर्षं नापास श्रेणी आली तर चार्टर रद्द होतो. चार्टरला मुदत असते: न्यू जर्सीत पहिला चार वर्षांचा, नूतनीकरण पाच वर्षांचं. अॅरिझोनात पंधरा वर्षांचा, मध्ये दर पाच वर्षांनी तपासणी. पालकांच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन नूतनीकरणाच्या वेळी असतं, कारण तेव्हा बोर्डाला स्वतःचा कारभार मांडावा लागतो. तुमच्या शाळेच्या चार्टरची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते आजच बोर्डाच्या सेक्रेटरीला ईमेल करून विचारा, आणि तोवर स्टाफच्या याद्या जमवत राहा.